उष्टं पाणी

फडके हे काही त्याचं खरं आडनाव नव्हतं. हातात कायम एखादं फडकं असायचं, म्हणून दुकानदार मित्रांनी ते त्याला चिकटवलं आणि ते इतकं रुळलं की बायकोसुद्धा रागात असली की त्याला फडके म्हणे. तो कंप्युटर जुळवायचा. साधेसुधे नव्हेत. बुटांच्या खोक्याएवढ्या डब्यात दांडगं यंत्र कोंबायचं आणि ते तापून मरू नये म्हणून त्याच्या अंगातून पाणी खेळवायचं, ही त्याची खासियत. पंख्यांवर चालणारे कंप्युटर कुणीही जोडतं. पाण्याचं काम आलं की गिऱ्हाईक फडक्याकडे पाठवलं जाई, कारण त्या नळ्यांत कणभर घाण चालत नाही, आणि फडक्यालाही चालत नसे.

चालत नसे म्हणजे अगदी नाहीच. दुसऱ्याच्या तोंडाला लागलेली वस्तू त्याच्यापुरती संपलेली असे. घरात त्याचा पेला वेगळा, चमचा वेगळा, टॉवेलची तर गोष्टच सोडा. बायकोच्या कपातला चहाचा घोट त्याने लग्नापासून एकदाही घेतला नव्हता. "माझं उष्टं पोटात गेलं तर मरशील का रे?" असं ती पूर्वी हसत विचारायची. हल्ली विचारत नसे.

बाबा आतल्या खोलीत असायचे. मागच्या वर्षी त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. उरला एकच आवाज: आ. भूक लागली की आ, उशी सरकली की आ, मुलगा दारात दिसला तरी आ. हेच बाबा हयातभर मालट्रकांचे रेडिएटर दुरुस्त करत आले होते. वाफाळलेल्या गाडीचं झाकण उघडून ते म्हणत, "आधी हिला पाज, मग तू पी." गाडीत पाणी घालायचं नसतं, गाडीला पाणी पाजायचं असतं, हा त्यांचा शब्द. जुनं पाणी काढताना ते रबरी नळी सरळ तोंडात धरून ओढत, गंजाचं पाणी ओठांपर्यंत आलं की थुंकत आणि त्याच तोंडाने मुलाचा पापा घेत. ते आठवलं की फडक्याचा हात अजून गाल पुसायला जाई. तरी धंदा त्याने बापाचाच उचलला, फक्त धुऊनपुसून घेतला. पाजणं हा शब्दही नकळत त्याच्या तोंडी बसला होता. पाणी ज्या बंद नळ्यांतून गोल फिरतं त्या साखळीला या धंद्यात लूप म्हणतात. "लूपला पाजतोय, आत्ता हाक मारू नको," असं तो बायकोला सांगे.

बाबांना पाजणं मात्र बायकोकडे होतं. त्यांचं गिळणं अर्धवट उरलं होतं. साधं पाणी श्वासनलिकेत जायचं, म्हणून त्यात पावडर कालवून ते घट्ट करावं लागे. ते चमच्यावरून सांडत नसे, लोंबत असे. घरी येणाऱ्या नर्सने, म्हणजे सिस्टरने, सगळी पद्धत नीट शिकवली होती. एक घास द्यायचा, मग हनुवटीखाली दोन बोटं ठेवायची. गळ्यातली गाठ वर चढून खाली उतरली की घास गेला, तेव्हाच पुढचा. "कितीही वेळ लागू दे, पण तोंडानेच भरवा," ती म्हणाली होती. "शरीर मोठं काटकसरी असतं. जे वापरात नाही ते काढून टाकतं."

भरवायची वेळ झाली की फडक्याला नेमकं कामाचं काहीतरी आठवे आणि तो उठे. पण त्याचं कामाचं टेबल बाबांच्या खोलीच्या दाराला लागूनच होतं आणि दार उघडं ठेवावं लागे. त्यामुळे दिसलं नाही तरी ऐकू सगळं यायचं. ते मचमच करणं, ते घशातलं खळखळणं, मग बायकोचं "शाब्बास". तो दात घट्ट आवळून स्क्रू पिळत बसे.

त्या आठवड्यात बायकोने विषय काढला.

"सोमवारी मी निघणार."

"माहितीये."

"चांगलं महिनाभराचं ट्रेनिंग आहे. मागच्या खेपेला नाही म्हटलं होतं. आताही नाही म्हटलं तर परत कुणी विचारणार नाही मला."

"मग जा ना. एखादी बाई ठेवू."

"अंघोळ, कपडे, कूस बदलणं सिस्टर करून जाते. भरवायचं घरच्या माणसाने, आणि ते तू करणार आहेस." तिने त्याच्या हातातलं कापड काढून घेतलं. "जमणार नसेल तर आत्ताच सांग. बाबांना संस्थेत ठेवू. तिथे कुणाला एवढा वेळ नसतो, पोटाला भोक पाडून नळी घालतात. मग तोंड कायमचं बंद."

"भरवेन मी," फडके म्हणाला. आणि कापड नव्हतं म्हणून त्याने हात पँटला पुसले.

टेबलावर तेव्हा जो डबा होता तो पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या एका बाईंचा. त्यांना माइकच्या शेजारी ठेवता येईल एवढा लहान आणि जराही आवाज न करणारा कंप्युटर हवा होता. काम अवघड होतं. जागा लहान म्हणजे उष्णता दाटते, उष्णता दाटली की पंखे ओरडतात, पंखे ओरडले की बाई ओरडणार. फडक्याने बोटभर जाडीचा रेडिएटर बसवला, पेल्याएवढी काचेची टाकी उभी केली, पारदर्शक नळ्या अशा वळवल्या की बघणाऱ्याने बघत राहावं. टाकीच्या माथ्यावर पाणी भरायला अंगठ्याएवढं तोंड होतं आणि त्यावर दाबून बसणारं झाकण.

पाणी भरायला तो लांब वाकड्या चोचीची मऊ बाटली वापरे. दाबली की बारीक धार येते, थेंबही इकडेतिकडे उडत नाही. एका पाकिटात अशा दोन बाटल्या आल्या होत्या आणि त्यातली एक बायकोने उचलली होती. चमच्याने पाणी देताना निम्मं बाबांच्या गळ्यावर सांडायचं; ही वाकडी चोच गालाच्या आत बरोबर बसायची. तिने त्याला तसं सांगितलंही होतं. पण त्या वेळी तो लूपला पाजत होता आणि त्याने नुसतं हं म्हटलं होतं.

शनिवारी दुपारी टाकी काठोकाठ व्हायला बोटभर पाणी कमी पडलं. हात मागे गेला, बाटली हाताला लागली, त्याने दाबली. धार जरा जडच आली. चोचीत हवा अडकली असेल म्हणून त्याने आणखी जोर लावला. तेव्हा टाकीत, त्या काचेसारख्या पाण्याच्या मधोमध, एक पांढुरकी तार वेटोळी घेत सावकाश खाली उतरली. तिच्या टोकाला केळ्याचा एक चघळलेला तंतू होता.

फडक्याने बाटली नाकाशी नेली. न्यायला नको होती. झोपेतून उठलेल्या म्हाताऱ्या तोंडाचा वास होता तो, आंबूस, गोडसर, कोमट. तो बेसिनपर्यंत कसाबसा पोचला आणि दुपारचं जेवण तिथे गेलं.

त्याने सगळा लूप खोलला. नळ्या फेकून नव्या कापल्या. प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ठोकळा ब्रशने घासला, रेडिएटरमधून उकळतं पाणी पुन्हा पुन्हा सोडलं, टाकी साबणाने, मग स्पिरिटने, मग परत साबणाने धुतली. सीलबंद कॅनमधलं नवं पाणी भरलं. आणि ती बाटली दोन बोटांत धरून बायकोच्या देखत कचऱ्यात टाकली.

"अरे, बाबांची होती ती!"

"तेच सांगतोय."

"माणसाचं तोंड आहे ते, गटार नाही," ती म्हणाली आणि टेबलावरची दुसरी बाटली उचलून घेऊन गेली.

रविवारी सकाळी त्याने यंत्राची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. प्रोसेसरला पूर्ण ताकदीने राबवायचं आणि पाणी किती तापतं ते पडद्यावर बघायचं. एवढ्याशा रेडिएटरवर पाणी पंचेचाळीसपर्यंत चढेल, फार तर थोडं अलीकडे थांबेल, असा त्याचा अंदाज होता. पाणी सदतीसला पोचलं आणि थांबलं. फडक्याची कळी खुलली. त्याने पंखे हळू केले. सदतीस. पंखे बंदच केले. सदतीस. मग त्याच्या कपाळावर आठी पडली, कारण खूश व्हायलाही काही मर्यादा असते. त्याने रेडिएटरवर तळहात ठेवला. तो पोळायला हवा होता. तो ऊबदार होता, आणि ती ऊब त्याच्या तळहाताच्या ऊबेत इतकी बेमालूम मिसळली की हात कुठे संपतो ते क्षणभर कळेना.

त्याने यंत्र बंद केलं, जेवला, परत आला. एव्हाना पाणी खोलीइतकं निवायला हवं होतं. स्वतःचा तापमापक टाकीत बुडवला. सदतीस.

आत बायको बाबांना भरवत होती. "आ करा बाबा... गिळा... शाब्बास." आणि शाब्बासच्या अगदी आधी टाकीत घळ्‌ असा आवाज झाला. नळीत हवा अडकली की ती अशी सुटते, फडक्याला ते चांगलं ठाऊक होतं. पुन्हा "आ करा", पुन्हा घळ्‌, पुन्हा "शाब्बास". त्याने पंपाकडे पाहिलं. पंपाची वायर टेबलावर सुटी पडली होती.

जेवण आटोपलं तेव्हा टाकीतलं पाणी बोटभर उतरलं होतं. गळती कळावी म्हणून त्याने जोडांखाली टिश्यू पेपर अंथरले होते. ते कोरडे ठणठणीत होते. काचेला आतून मात्र काहीतरी धरलं होतं. सकाळी उठल्यावर जिभेवर असतो तसा, पांढरट, साईसारखा थर. कालच स्पिरिटने पुसलेल्या काचेवर! फडक्याचा संताप झाला. त्याने हातमोजे चढवले आणि बाटल्या धुवायचा बारीक ब्रश टाकीच्या तोंडातून आत घातला.

ब्रश कशाला तरी मऊ लागला. टाकी काचेची होती, तळ धातूचा होता, आणि आत मऊ असं काहीच नव्हतं.

आतून बायको ओरडली, "अरे पळ! बाबांना उबळ आली!"

त्याने ब्रश उपसला. ब्रशामागोमाग एक चिकट तार लांबत आली आणि तुटून त्याच्या मनगटावर पडली. आतल्या ओकाऱ्या तत्क्षणी थांबल्या. "गेली बाई," असं बायको स्वतःशीच बोलली. फडके कोपरापर्यंत हात धूत राहिला, कातडी लाल होईपर्यंत. बायकोला त्याने काही सांगितलं नाही. सांगणार काय? ती म्हणाली असती, भरवायचं टाळायला आता ही नवी थेरं.

सोमवारी सकाळी ती गेली. जाताना तिने बाबांच्या गालावरून हात फिरवला, आणि फडक्याला म्हणाली, "त्यांना घाई करू नको. आणि तोंड वाकडं करू नको, त्यांना दिसतं सगळं."

दुपारी फडके वाडगा आणि पाण्याची बाटली घेऊन आत गेला. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी आ म्हणायच्या आधीच आ केला. ते तोंड त्याने इतक्या जवळून प्रथमच पाहिलं. पिवळट दात, त्यांच्या मुळाशी सकाळचं काहीतरी अडकलेलं, जाड जीभ एका बाजूला कललेली, आणि खालच्या ओठावरून सुटलेली लाळ, जी तुटत नव्हती. त्याने श्वास रोखून चमचा आत ठेवला. अर्धं केळं बाहेर आलं, ते त्याने चमच्याने खरवडून परत आत ढकललं. मग हनुवटीखाली दोन बोटं ठेवली. खुंट वाढलेली, ओलसर, सैल कातडी. तिच्याखाली एक गाठ त्याच्या बोटांवर चढली आणि उतरली, पोत्यात उंदीर फिरावा तशी.

त्याने हात झटकन मागे घेतला. बाबांनी चांगल्या हाताने त्याचं मनगट पकडलं. सोडायचं नाही म्हणून नव्हे, थांब म्हणून. पण तोंडातली लाळ त्या मनगटावर गळली, आणि ती ऊब फडक्याच्या ओळखीची होती. सदतीस.

तो वाडगा-बाटलीसकट बाहेर पळाला.

"आ," बाबा आतून म्हणाले.

हात धुऊन तो टेबलाशी बसला. परत जायचं त्याच्याने होईना. आतून थोड्या थोड्या वेळाने आ येत होता, रागाचा नव्हे, समजुतीचा. पोराला परत बोलावतात तसा. आणि टेबलावर तो डबा कोरडं कोरडं खरखरत होता. टाकीतलं पाणी तळाला गेलं होतं. पंप कोरडा चालला तर जळतो, हे त्याच्या हाडीमांसी भिनलेलं. वायर सुटी आहे हे दिसत असूनही त्याचा हात आपोआप बाटलीकडे गेला. बाटली बाबांची होती. आत पावडर कालवलेलं पाणी होतं. या खेपेला त्याला ते ठाऊक होतं.

त्याने टाकीचं झाकण काढलं आणि बाटली दाबली.

ते घट्ट पाणी घळ्‌ करून खाली गेलं. त्याने आणखी दिलं. तेही गेलं. खरखर थांबली. आतला आ थांबला. मग बाबांनी एक भरपेट, दीर्घ ढेकर दिली.

फडके दारापर्यंत गेला. बाबांचे ओठ मिटलेले होते, कोरडे, कुणी निगुतीने टिपून घेतल्यासारखे. लाळ नव्हती. डोळे मात्र वाडग्याकडे लागले होते.

त्याने मनाशी काही ठरवलं नाही. संध्याकाळी केळं कुस्करून, गाळणीतून काढून, दुधात पातळ केलं आणि बाटलीत भरलं, एवढंच.

रात्रीच्या जेवणाआधी बायकोचा फोन आला. "पाजलं?"

"पाजलं."

"गळ्याला बोटं लावलीस ना?"

"हं."

तिकडे तिने नाक ओढलं. मग म्हणाली, "मला खरंच वाटलं नव्हतं रे फडके. आज पहिल्यांदा शांत झोप लागेल मला."

दिवस सुरळीत चालले. सिस्टरने बाबांना वजनकाट्यावर बसवलं आणि ती थक्क झाली. "आणि तोंड तर बघा! जिभेवर थर नाही, लाळ नाही, वास नाही. असा मुलगा प्रत्येकाला मिळो." फडके संकोचून हसला आणि म्हणाला की यापुढे तोंडाचं तोच बघत जाईल, तिने तेवढी तसदी घेऊ नये. खरं म्हणजे त्यालाही बरं वाटत होतं. बाबा आता धुतलेल्या बशीसारखे स्वच्छ असत. त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसता येत होतं, चादर सारखी करता येत होती. एकदा तर त्याने त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि तो लगेच धुतला नाही. बापावर माया करायला त्याला अख्खं आयुष्य काही जमलं नव्हतं. आता जमत होतं.

घाण सगळी टेबलावर गोळा झाली होती. पारदर्शक नळ्या आधी गढूळ झाल्या, मग गुलाबीसर. हात लावला तर दबत. टाकीच्या तोंडाभोवती एक सुजलेली, ओली कड आली होती, हिरडीच्या रंगाची. झाकण काढलं की वाफ येई आणि त्या वाफेला तो वास असे. फडके तोंडावर मास्क बांधी, दुहेरी हातमोजे घाली, हात लांब करून, मान दुसरीकडे वळवून बाटली दाबी. ओकारी येईच. पण ओकारी दाबून उरकण्यासारखं होतं ते. यंत्राला डोळे नव्हते.

रेकॉर्डिंगवाल्या बाईंनी विचारलं, कंप्युटर कधी मिळणार.

"त्यात बिघाड निघालाय."

"तापतो का?"

"नाही," फडके म्हणाला. "तापत नाही." आणि त्यांना दुसऱ्या कारागिराचा नंबर देऊन मोकळा झाला.

बाबा सुरुवातीला प्रत्येक जेवणाला दाराकडे तोंड करून आ करत. पोट भरलेलं असूनही करत. मग तो आ लहान होत गेला. पुढे ओठ जेमतेम विलगत, आणि आवाज नाकातून येई. फडक्याच्या हे ध्यानात आलं होतं. एका दुपारी त्याला फारच टोचलं, तेव्हा तो वाडगा घेऊन आत गेला. बाबांनी जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. डाव्या कोपऱ्यात काडी जाईल एवढी फट पडली. चमच्यातलं सगळं हनुवटीवर ओघळलं, तिथून मानेवर. फडक्याने ते टिपायला कापड पुढे केलं आणि मध्येच मागे घेतलं.

"उद्या करू बाबा," तो म्हणाला.

उद्या केलं नाही. परवाही नाही.

बायको एक दिवस आधीच आली, भर दुपारी. दारातच बॅग टाकून, हात धुऊन, ती थेट आत गेली.

"अग्गंबाई! किती गुटगुटीत झालात!"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. नाकपुड्या फुलल्या आणि डोळे भरून वाहू लागले.

"रडता काय? आले ना मी." ती स्वयंपाकघरात गेली आणि केळं कुस्करू लागली.

"जेवण झालंय त्यांचं," फडके म्हणाला.

"असू दे. एक घास माझ्या हातचा."

तो टेबलाशीच उभा राहिला. आत पडदे ओढलेले होते, अंधूक होतं. बायकोची पाठ त्याच्याकडे होती, तिच्याआड बाबांचा चेहरा दिसत नव्हता.

"आ करा बाबा."

फडक्याच्या मागे टप्प असा आवाज झाला. झाकण निघून टेबलावर पडलं होतं.

"आ."

"शाब्बास," बायको म्हणाली आणि चमचा पुढे केला.

थोडा वेळ गेला.

"असं काय करताय? उघडा ना. आत्ता तर केला होतात आ."

मागे पुन्हा, जरा मोठ्याने, "आ."

तिने चमचा वाडग्यात ठेवला. ओलं कापड घेतलं. पुसू लागली. आधी भराभर, मग सावकाश.

"काहीतरी सुकून चिकटलंय वाटतं," ती म्हणाली. "जरा दिवा लाव रे."

फडक्याने दिवा लावला.

तिने कापड बाजूला ठेवलं होतं. चिकटपट्टीच्या रिळाचं टोक हरवलं की नखाने चाचपत जातात, तशी ती नाकाखालच्या गुळगुळीत कातडीवरून या गालापासून त्या गालापर्यंत नख फिरवत होती, हळूच, दुखू नये म्हणून. तिला अजून वाटत होतं की सापडेल. आणि तिला सोपं जावं म्हणून बाबा मान वर करून, डोळे मिटून, अगदी स्थिर बसले होते.